पाटीवर ८० असलं तरी बर्फात ८० नाही

तुमचा प्रश्न असा की हायवेवर ट्रकला ताशी ८० किमीची मर्यादा आहे, बर्फ पडतोय आणि मालक म्हणतो, "लिमिटमध्येच तर चालवायचंय, मग उशीर का होतो?" नियम नेमका कोणाच्या बाजूने?

तुमच्या बाजूने. पाटीवरचा आकडा म्हणजे चांगल्या रस्त्यावर, चांगल्या हवेत याच्या वर जाऊ नका, एवढंच. अमेरिकेत मालवाहू गाड्यांच्या नियमांत ३९२.१४ हे कलम आहे. बर्फ, धुकं, पाऊस यांमुळे पकड किंवा नजर कमी झाली तर वेग उतरवा, आणि फारच धोक्याचं झालं तर गाडी उभी करा, असं ते स्पष्ट सांगतं. जर्मनी आणि फ्रान्समध्ये ५० मीटरपुढचं दिसेनासं झालं की कमाल वेग ताशी ५० किमी.

मालकाला हिशोब करून दाखवा. ८०च्या वेगात ब्रेकवर पाय जाईपर्यंतच गाडी तीसएक मीटर पुढे जाते. त्यानंतर दाबून बसलेल्या बर्फावर साधारण सव्वाशे मीटर, आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर अडीचशे. तोच वेग ४० केला तर ब्रेकचं अंतर निम्मं नाही, पाव होतं.

रिकामी गाडी जास्त जपा. वजन नाही म्हणजे चाकांना पकड नाही. अशाच रिकाम्या ट्रेलरवर एकदा उतारावर मी इंजिन ब्रेक (इंजिनाच्याच जोरावर चाकांचा वेग रोखणारी सोय) चालू ठेवला होता. घोड्याची, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीची, मागची चाकं क्षणभर अडली, घोडा तिरका व्हायला लागला आणि डाव्या आरशात ट्रेलरचा मागचा कोपरा दिसू लागला, जो सरळ रस्त्यावर इतका बाहेर दिसायलाच नको. इंजिन ब्रेक बंद केला, ब्रेकला हात-पाय लावला नाही, स्टिअरिंग हळूच सरळ दिशेला आणलं, तेव्हा गाडी रांगेत आली. तेव्हापासून रस्ता निसरडा दिसला की इंजिन ब्रेक आणि क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) दोन्ही बंद.

काळा बर्फ, म्हणजे रस्त्यावरचा पातळ पारदर्शक थर, डोळ्यांना दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. म्हणून पुढच्या गाडीच्या चाकांकडे बघा. पाण्याचे तुषार उडत होते ते अचानक थांबले आणि रस्ता अजून ओलाच दिसतोय, तर खाली पाणी गोठायला लागलंय. काच खाली करून आरशाच्या दांड्याच्या पुढच्या बाजूला हात लावा. तिथे बर्फ लागला तर रस्त्यावरही असणार. पारा शून्याच्या आसपास असतो तेव्हा सर्वांत सांभाळायचं, कारण पाण्याचा पातळ थर असलेला बर्फ कडक थंडीतल्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो. पूल आधी गोठतात, त्यांना खालूनही गार वारा लागतो. पुलाच्या आधी वेग उतरवा, पुलावर ब्रेक नको.

निघताना ब्रेकच्या हवेच्या टाक्यांत साचलेलं पाणी काढा, आणि ट्रेलरच्या टपावरचा बर्फही उतरवा. मागून येणाऱ्या कारच्या काचेवर त्याची लादी पडली तर आतल्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

आणि थांबायचं ठरलं तर हायवेच्या कडेला नाही. मागचा माणूस तुमचे दिवे बघून तोच रस्ता समजतो आणि थेट मागे येऊन आदळतो. पुढच्या एक्झिटला उतरा. पार्किंगला पोचण्याआधी हळू चालत दोन-तीनदा हलका ब्रेक मारा, म्हणजे ब्रेकचे लायनर (चाकाच्या ड्रमवर घासून गाडी थांबवणारे पट्टे) वाळतील. नाहीतर सकाळी ते ड्रमला चिकटलेले सापडतील.