असिस्टेड लिव्हिंगचा तपासणी अहवाल कोरा असेल तर जागा चांगली समजायची का?

तुम्ही विचारलंय की आईसाठी कॅलिफोर्नियात असिस्टेड लिव्हिंगच्या, म्हणजे वृद्धांना रोजच्या कामांत मदत मिळते अशा निवासाच्या, दोन जागा पाहिल्या, एकीच्या सरकारी अहवालात चार त्रुटी आहेत, दुसरीचा कोरा, म्हणजे एकही त्रुटी नाही, तर दुसरी घ्यावी का. तेवढ्यावरून घेऊ नका. मी इथल्याच एका असिस्टेड लिव्हिंगमध्ये औषधं द्यायचं काम करते, त्यामुळे तपासणी आतून बघते.

आधी एक घोळ मिटवू. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या साइटवर दर्जाचे जे तारे दिसतात ते नर्सिंग होमचे, असिस्टेड लिव्हिंगचे नव्हेत. असिस्टेड लिव्हिंगचा परवाना आणि तपासणी ज्या त्या राज्याकडे असते, त्यामुळे टेक्साससारख्या दुसऱ्या राज्यातल्या कुणाचा सल्ला इथे फारसा कामाचा नाही. इथे हे काम डिपार्टमेंट ऑफ सोशल सर्व्हिसेसचा कम्युनिटी केअर लायसन्सिंग विभाग बघतो आणि अहवाल त्यांच्या साइटवर कुणालाही वाचता येतात.

वार्षिक तपासणीला माणूस न कळवता येतो. बाथरूमच्या नळाखाली थर्मामीटर धरतो, पाणी १०५ ते १२० अंश फॅरनहाइटमध्येच हवं. स्वयंपाकघरात २ दिवसांचा नाशवंत आणि आठवड्याचा टिकाऊ माल आहे का बघतो. मग औषधांचं कपाट. कुलूप तपासून झालं की एखाद्या आजोबांच्या गोळ्यांचं पाकीट काढून नोंदवहीशी ताडतो. सकाळच्या रकान्यात सही आहे आणि गोळी पाकिटातच, असं सापडलं की आमची खैर नसते.

त्रुटी दोन प्रकारच्या असतात. रहिवाशाच्या तब्येतीला, सुरक्षिततेला किंवा हक्कांना ताबडतोब धोका असेल तर टाइप ए. दुर्लक्ष केल्यास पुढे धोका होऊ शकेल अशी असेल तर टाइप बी. म्हणून नुसत्या ‘चार’ या आकड्यावरून मला काहीच कळत नाही. चारही बी असतील आणि पुढच्या अहवालात पुन्हा दिसल्या नसतील, तर मी स्वतःच्या आईला तिथे ठेवीन. पण औषधांबाबतची एकच ए असेल आणि वर्षभराने तीच पुन्हा आली असेल, तर ती जागा यादीतून काढा.

आता कोऱ्या अहवालाचं. मालक बदलला की परवाना नवा, क्रमांकही नवा, आणि जुन्या भानगडी जुन्या क्रमांकाखालीच राहतात. म्हणून नावावरून शोधू नका, पत्त्यावरून शोधा. तक्रारींचे अहवालही वेगळे असतात, ते उघडून वाचा. तक्रार ‘अनसबस्टॅन्शिएटेड’ ठरली म्हणजे ती खोटी होती असं नाही, पुरावा पुरेसा मिळाला नाही इतकंच. एकाच मजल्याबद्दल किंवा एकाच पाळीबद्दल अशा तक्रारी वारंवार दिसल्या तर मी तरी सावध होईन.

त्या भागाच्या लाँग टर्म केअर ओम्बड्समनला, म्हणजे अशा ठिकाणच्या रहिवाशांच्या तक्रारी ऐकून त्यांची बाजू मांडणाऱ्याला, फोन करा, पैसे लागत नाहीत. आणि दोन्ही ठिकाणी रात्री कितीजण जागे असतात ते विचारा. तपासनीस बहुतेक दिवसाच येतात.