प्लेड, टार्टन, चेक्स आणि आपली चौकडी

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका वाचक ताईंनी लिलावात एक जुना रेशमी झगा विकत घेतला. त्याला अडकवलेल्या चिठ्ठीवर ‘व्हिक्टोरियन टार्टन सिल्क ड्रेस, 1840’ एवढाच मजकूर होता, आणि विकणारे गृहस्थ बोलताना त्याच कापडाला ‘प्लेड’ही म्हणत होते. तो झगा ताईंना तेथील मराठी मंडळींच्या एका छोट्या प्रदर्शनात मांडायचा आहे. त्याच्या शेजारच्या मराठी पाटीवर टार्टन, प्लेड आणि चेक्स यांपैकी कोणता शब्द लिहावा, मराठी शब्द आहे का, आणि 1840 हे साल खरे मानावे का, असे त्यांनी विचारले आहे. सोबत झग्याची बारा छायाचित्रे पाठवली आहेत, आणि ती फार काळजीपूर्वक काढलेली आहेत.

पाटीवर ‘रेशमी चौकडीचा झगा’ असे लिहावे. ‘टार्टन’ लिहू नये, ‘प्लेड’ तर मुळीच लिहू नये, आणि 1840 हे साल खोडून टाकावे.

उभ्याआडव्या पट्ट्या दिसल्या की ‘टार्टन’ म्हणायचे, ही सवय अलीकडे फार बोकाळली आहे. कपड्यांच्या दुकानातही ती ऐकू येते आणि जुन्या वस्त्रांविषयी लिहिणाऱ्यांच्या लेखनातही दिसते. तिचा त्रास केवळ कानाला होत नाही. शब्द चुकला की माणूस भलत्याच ठिकाणी पुरावा शोधू लागतो आणि सालही चुकते. ताईंच्या झग्याचे नेमके तेच झाले आहे.

आधी प्लेड पाहू. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘प्लैदे’ म्हणजे घोंगडी, कांबळे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला मेंढपाळ हे लांबलचक लोकरी वस्त्र अंगाभोवती गुंडाळी, खांद्यावर टाकी आणि रात्री तेच पांघरून झोपे. आपल्याकडचा धनगर घोंगडीचे जे करतो, तेच तो प्लेडचे करीत असे. म्हणजे प्लेड हे मुळात नक्षीचे नाव नाही, वस्त्राचे आहे. ती घोंगडी बहुधा चौकडीची असे, म्हणून पुढे घोंगडीचे नाव चौकडीला चिकटले, आणि अमेरिकेत तर तोच अर्थ मुख्य होऊन बसला. उच्चारातही हा भेद उरला आहे. स्कॉटिश माणूस पांघरायच्या वस्त्राला ‘प्लेड’ म्हणतो, तर नक्षीचा उच्चार इंग्रजीत सर्वसाधारणपणे ‘प्लॅड’ असा होतो. तेव्हा पाटीवर ‘प्लेड’ लिहिले, तर जाणता स्कॉटिश पाहुणा रेशमी झग्यात घोंगडी शोधत बसेल. काही गेलिक कोशकार या शब्दाचे मूळ मेंढीच्या कातड्याच्या नावात शोधतात. मला ते पटत नाही. कातडे आणि विणलेले कापड यांतला फरक मेंढ्या पाळणाऱ्या समाजाला आपल्यापेक्षा चांगला कळतो, आणि असा माणूस एकाचे नाव सहजासहजी दुसऱ्याला देत नाही.

टार्टनही आरंभी नक्षी नव्हती. बहुतेक अभ्यासक हा शब्द लिनन आणि लोकर यांची मिसळ असलेल्या कापडाच्या ‘तिरतेन’ या फ्रेंच नावापासून आला असे मानतात. 1538 मध्ये स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स याच्या खर्चाच्या हिशेबात डोंगरी टार्टनची नोंद आहे. आज मात्र टार्टन म्हणजे ठरावीक क्रमाने रंग येणारे, तिरप्या विणीचे लोकरी कापड. त्यात रंगांचा जो क्रम उभ्या धाग्यांत, तोच आडव्या धाग्यांत असतो, आणि दोन रंग जिथे एकमेकांना छेदतात तिथे बारीक तिरप्या रेघा दिसतात. ताईंच्या सातव्या छायाचित्रात कापड अगदी जवळून दिसते. वीण सरळ, एकआड एक आहे, म्हणजे हा ताफ्ता आहे. छेदाच्या जागी तिरपी रेघ नाही, तर हिरवा आणि किरमिजी मिळून धूपछाव तयार झाली आहे. शिवाय पिवळ्या धाग्याची बारीक रेघ केवळ उभी जाते, आडवी कुठेच नाही. एवढ्यावर टार्टनचा निकाल लागतो.

आता ‘चेक्स’. हा शब्द घ्यायला माझी काहीच हरकत नाही, कारण तो परका वाटत असला तरी त्याचे मूळ आपल्या अगदी जवळचे आहे. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की आपण ‘शह’ म्हणतो. तो फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. हाच शब्द अरबांमार्फत युरोपात गेला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘एशेक’ झाले आणि इंग्रजीत ‘चेक’. ज्या पटावर शह देतात तो पट फ्रेंचमध्ये ‘एशकिए’, आणि त्यावरून पटासारख्या चौकोनांच्या कापडाला इंग्रजीत ‘चेकर’ आणि पुढे संक्षेपाने ‘चेक’ असे नाव पडले. इंग्लंडच्या राजाचा खजिना 12व्या शतकात एका मोठ्या मेजावर मोजला जाई. दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद अशा त्या मेजावर काळे कापड अंथरत, त्यावर फूटभर किंवा वीतभर अंतराने रेघा असत आणि त्या घरांतून मोजणीच्या सोंगट्या सरकवून हिशेब होई. त्या कापडावरून इंग्लंडच्या तिजोरीखात्याला ‘एक्स्चेकर’ हे नाव मिळाले, आणि त्याच्याच वळणाने बँकेच्या चेकचे इंग्रजी स्पेलिंग बदलले. शह दिला की समोरच्याला थांबावे लागते, म्हणून चेक म्हणजे अडवणे, मग ताब्यात ठेवणे, मग तपासणे. ‘जरा चेक करून घ्या’ म्हणणारा मराठी माणूस नकळत बुद्धिबळाचीच भाषा बोलत असतो.

पण खरा आनंद याच्याही मागे आहे. ‘शाह’ हा शब्द प्राचीन फारसीत ‘क्षायथिय’ असा होता. इराणचा प्राचीन सम्राट दारयवहू (दरायस) याच्या शिलालेखांत तो राजाचे बिरुद म्हणून पुन्हा पुन्हा येतो. त्यातला ‘राज्य करणे’ या अर्थाचा धातू आणि वेदातल्या ‘क्षयति’ या क्रियापदाचा धातू एकच. त्याच कुळातला आपला ‘क्षत्र’, आणि त्यापासून ‘क्षत्रिय’. म्हणजे शह आणि काटशह, बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट आणि क्षत्रिय ही एकाच घरची मंडळी आहेत. एक शाखा इराणातून युरोपला जाऊन शिंप्याच्या दुकानामार्गे परत आली आणि दुसरी इथेच राहिली. ‘चेक्स हा इंग्रजांचा शब्द, आपण का वापरावा’ असे रागाने सांगणाऱ्या शुद्धिवाद्यांनी हा प्रवास एकदा शांतपणे पाहावा, एवढीच माझी विनंती आहे.

तरीही पाटीवर मी ‘चौकडी’च सुचवतो, कारण ती आपल्या लुगड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच कापड उभे राहते. चतुष्क, चउक्क, चौक आणि त्याला ‘डी’ हा प्रत्यय, अशी तिची सरळ वाट आहे. पेशवाईतले पुरुष कानात चार मोत्यांचा चौकडा घालीत, तोही याच कुळातला. इथे एका गोष्टीचा मात्र मला स्पष्ट विरोध नोंदवायचा आहे. वस्त्रांच्या परिभाषेविषयी अधिकारवाणीने बोलणारे काही जण ‘चौकटीचे कापड’ हा प्रयोग शुद्ध म्हणून शिकवतात. चौकट म्हणजे चौ आणि काष्ठ, चार लाकडांची दाराची किंवा तसबिरीची चौकट. तिच्यात आतला भाग मोकळा असतो. चौकडीच्या कापडात मोकळे काहीच नसते, तिथे पट्टे एकमेकांवरून जातात. पत्त्यांतली चौकट कापडावर हवी असेल तर खुशाल ‘चौकटीचे’ म्हणावे.

आपल्याकडे ‘चारखाना’ हा फारसी शब्दही आहे. चार म्हणजे चारच, आणि खाना म्हणजे घर. कापडात घर कुठून आले, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझे मत असे आहे की हे घर राहण्याचे नसून पटावरचे आहे. बुद्धिबळाच्या पटावरील चौकोनाला आपण घर म्हणतो आणि फारसीतही खाना म्हणतात. म्हणजे इराणी माणसाने चौकडीचे कापड पाहिले तेव्हा त्याला पट आठवला, आणि फ्रेंच माणसाने पाहिले तेव्हा त्यालाही पटच आठवला. दोघांनी आपापल्या भाषेत वेगवेगळी नावे ठेवली, पण उपमा एकच. ही माझी उपपत्ती आहे, कोणत्याही कोशाची नव्हे. मी ती गेली अनेक वर्षे मनात घोळवतो आहे आणि तिच्या विरोधात जाणारा एकही दाखला मला अजून दिसलेला नाही.

ताईंचा सालाचा प्रश्न मात्र राहून गेला. चौकडीचे रेशीम दिसले की लोक थेट राणी व्हिक्टोरियाकडे बोट दाखवतात. ती 1842 मध्ये प्रथम स्कॉटलंडला गेली, 1848 मध्ये तिथले बालमोरल हे निवासस्थान भाड्याने घेतले आणि 1852 मध्ये ते विकत घेतले, हे खरे आहे, आणि त्यामुळे चौकडीची आवड वाढली हेही खरे. परंतु ती आवड तिच्यापासून सुरू झाली नाही. राजा चौथा जॉर्ज 1822 मध्ये एडिनबरोला गेला तेव्हापासूनच चौकडीचे वेड पसरू लागले होते, आणि फ्रेंच लोक तर अशा नक्षीला सरळ ‘एकोसे’, म्हणजे स्कॉटिश, असेच म्हणतात. 1746 च्या कायद्याने डोंगराळ भागात टार्टनच्या पोशाखावर बंदी आली आणि ती 1782 पर्यंत टिकली, पण ती पुरुषांवर आणि मुलग्यांवर होती, स्त्रियांवर नव्हती. सारांश, चौकडीवरून साल ठरत नाही. साल शिवणीवरून ठरते.

ताईंच्या झग्याचा पुढचा भाग उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, कापला आहे, त्यामुळे मध्यभागी चौकडीची टोके खाली जुळून पाखे तयार झाले आहेत. 1840 च्या सुमारास कंबरेचे टोक पुढे खाली लांब उतरत असे. इथे कंबर जवळपास सरळ, किंचित गोल आहे. बाही वरून अंगासरशी असून कोपरापासून खाली घंटेसारखी उघडते. ही बाही 1850 नंतरच्या दशकाची आणि फार तर 1860 नंतरच्या पहिल्या काही वर्षांची. हूक पुढे आहेत. मुंढ्याच्या शिवणीत बारीक गोट घातला आहे आणि आत तकतकीत सुती अस्तर आहे. खालचा घेर ताईंनी मोजून चार वारांहून अधिक सांगितला आहे, आणि त्यात सगळे पन्हे सरळ आहेत, एकही कळी नाही. घेर फुगवण्यासाठी आत घालायचा पोलादी पिंजरा, म्हणजे क्रिनोलिन, 1856 मध्ये आल्यावर असे घेर सर्रास झाले, आणि 1865 च्या आसपास पुढचे पन्हे कळीसारखे कापू लागले. हा झगा त्या दोन्हींच्या मधला दिसतो.

अकराव्या छायाचित्रात पन्हे जोडणारी लांब शिवण दिसते, आणि ती यंत्राची टीप आहे. वरचा भाग पूर्ण हाताचा, उलट्या टीपेचा. दोन दोऱ्यांच्या टीपेच्या शिलाई यंत्राचे एलायस हाव याचे अमेरिकन पेटंट 1846 चे. त्यामुळे ही टीप मूळची असेल तर 1840 अशक्य आहे. ती नंतरच्या दुरुस्तीची नाही ना, हे पाहण्यासाठी ताईंनी शिवणीच्या दोन्ही बाजूंना जुन्या सुईची रिकामी भोके दिसतात का, ते भिंगातून पाहावे. रेशीम महाग होते, झगे उसवून पुन्हा शिवले जात, आणि अशा वेळी कापडाचे वय एक आणि झग्याचे वय दुसरे निघते.

राहिली ती बारीक जांभळी पट्टी. विल्यम पर्किन याने वयाच्या अठराव्या वर्षी, 1856 मध्ये, डांबरापासून जांभळा रंग बनवला, आणि 1858 च्या जानेवारीत व्हिक्टोरियाने थोरल्या मुलीच्या लग्नात त्या फॅशनचा जांभळा पोशाख घातला. हा रंग त्या नव्या प्रकारचा असू शकेल. पण दगडफुलापासून मिळणारा जांभळा त्याआधीही होता, आणि नुसत्या छायाचित्रावरून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून मी या पट्टीला पुरावा मानत नाही, फक्त इतर खुणांना ती विरोध करत नाही एवढेच म्हणतो.

भिंगातून पाहिल्यावर टीपेच्या बाजूला जुनी भोके आढळली नाहीत, तर पाटीवर ‘रेशमी चौकडीचा झगा, सरळ विणीचा ताफ्ता, सुमारे 1857 ते 1862’ असे लिहावे. भोके आढळली तर शेवटचा सालाचा भाग लिहू नये, आणि त्या भोकांची दोन-तीन छायाचित्रे मला जरूर पाठवावीत.