शाल द्या, पण माइकवर भविष्य सांगू नका

प्रश्न : ताई, औसा तालुक्यातल्या आमच्या गावात युवक मंडळातर्फे दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदनानंतर पारावर गुणवंतांचा सत्कार होतो. आजवर दहावी-बारावीत पहिले आलेले आणि पोलीस भरतीत लागलेले, एवढेच. यंदा मी एकोणीस वर्षांच्या एका पोराचं नाव सुचवलं. दहावीला ५१ टक्के, पण विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरण्यात, म्हणजे त्यांच्या तारेचे वेढे नव्यानं घालण्यात, हात बसलेला. जुने सभासद म्हणतात, "मोटारी भरायलाय, त्यात सत्कार कशाचा? उद्या पंक्चरवालाबी मागंल." सत्कार करावा का? सूत्रसंचालन माझ्याकडेच आहे.
— मंडळाचा अध्यक्ष

उत्तर : करा. पंक्चरवाल्याचं पुढल्या वर्षी बघू.

फक्त "होतकरू, कष्टाळू" म्हणून मोकळे होऊ नका. तसले शब्द मयतालाही चालतात. त्यानं काय केलं ते सांगा. हरभऱ्याला पाणी द्यायच्या ऐन दिवसांत एक फेज जातो, मोटार उरलेल्या दोन फेजवर जादा करंट ओढते, तापते आणि जळते. तुमचा पोरगा ती उघडतो, जळकी कॉइल काढतो, वेढे मोजतो आणि तेवढेच वेढे, त्याच जाडीच्या तारेचे, परत भरतो. मोजणी चुकली तर मोटार पुन्हा विहिरीवरून दुकानात. एवढं सांगून झालं की विचारा, "ह्यानं कुणाकुणाची मोटार भरली? हात वर करा." तुमच्या जुन्या सभासदांकडे तेव्हा जरूर बघा.

हे पाहुण्यांच्या आधी उरका. आपल्याकडं भाषण पोलीस ॲक्शनपासून सुरू होतं आणि ऊन डोक्यावर आलं तरी रझाकार गाव सोडत नाहीत.

आता जपायची गोष्ट. १९८४ साली मी दहावीला शाळेत पहिली आले. सत्कारात गुरुजींनी माइकवरून जाहीर केलं, "गावाची भावी डॉक्टर!" मला कुणी विचारलंच नव्हतं. बारावीत गुण कमी पडले, मी डी.एड. केलं, मास्तरीण झाले आणि त्यात रमलेही. तरी एसटी स्टँडवर कुणीतरी हटकायचंच, "काय डॉक्टरीणबाई, दवाखाना कधी?" कितीतरी वर्षं मी गावाच्या अलीकडच्या फाट्यावर उतरून चालत घरी जायची.

म्हणून त्याला पुढं काय करायचंय, ते आधी त्यालाच विचारा, आणि सांगायचं की नाही तेही तोच ठरवू दे. आयटीआयला विजतंत्रीचा दोन वर्षांचा कोर्स दहावीवर करता येतो. तो झाला की शिकाऊ उमेदवारीची वाट उघडते. पण दोन वर्षं दिवसभर वर्गात बसला तर दुकानाचं काय, घरात पैसा कुठून येणार, हा हिशेब त्याच्या डोक्यात असेलच. किंवा त्याला दुकानच मोठं करायचं असेल. तेही चांगलंच.

शालीचे पैसे वाचवून चांगला मल्टीमीटर द्या. आमच्या घरी सत्काराच्या शाली इतक्या साठल्या, की आईनं त्यांची वाकळ शिवली. (ऊब छान होती, ते मान्य.)

आणि माइक हातात घेण्याआधी एकदा त्याच्या दुकानात जाऊन बसा. वेढ्यांचं मी दोन ओळींत उरकलंय. तो अर्धा तास सांगेल.