विमान कंपनीनेच मार्ग बंद केला, तर तिकीट बदलायची फी आपण भरायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही खारघरला राहता. आई-वडिलांचं मुंबई–पॅरिस–मुंबई तिकीट एका भारतीय विमान कंपनीचं आहे आणि ते ठाण्यातल्या एजंटकडून काढलंय. निघायला तीन आठवडे असताना कंपनीने थेट विमान बंद केल्याचा मेल पाठवला. दिल्लीमार्गे तिकीट करून द्यायला एजंट माणशी १४,२०० रुपये मागतोय. त्यात ६,५०० चेंज फी, ६,७०० भाड्यातला फरक आणि १,००० त्याचं सेवा शुल्क. भरायचे का?

पहिल्या दोन रकमा भरू नका. तिसरीचं खाली लिहिलंय.

तिकिटातले बदल दोन प्रकारचे असतात. प्रवाशाने आपल्या सोयीसाठी केला तो व्हॉलंटरी, कंपनीने विमान काढून घेतलं म्हणून करावा लागला तो इनव्हॉलंटरी. चेंज फी आणि भाड्यातला फरक हे पहिल्या प्रकाराचे खर्च. एजंटने तुमचं तिकीट साध्या तारीख-बदलासारखं सिस्टिममध्ये टाकून पाहिलं असणार आणि सिस्टिमने नेहमीच्या नियमांनी आकडा काढून दिला. त्यात लबाडी असेलच असं नाही, पण आकडा चुकीच्या खात्यातला आहे.

डीजीसीए म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिचा नियम (सेक्शन ३, सिरीज एम, भाग ४) सांगतो की विमान रद्द झालं तर कंपनीने पर्यायी विमान द्यावं किंवा पैसे परत करावेत, आणि यातलं प्रवाशाला मान्य असेल ते. निवड तुमची आहे. नुकसानभरपाई मात्र वेगळी गोष्ट. ५,००० ते १०,००० रुपयांची ती तरतूद ऐनवेळी रद्द झालेल्या विमानांसाठी आहे, तुम्हाला तीन आठवडे आधी कळवलंय, त्यामुळे तिच्यामागे वेळ घालवू नका. परतीचा प्रवास पॅरिसहून सुरू होतो, म्हणून त्या टप्प्याला युरोपचा प्रवासी हक्कांचा २६१ क्रमांकाचा नियमही (ईयू २६१) लागू होतो, कंपनी भारतीय असली तरी. त्यातही १४ दिवसांहून आधी कळवलं असेल तर भरपाई नाही, पण परतावा किंवा दुसऱ्या मार्गाने पोचवण्याची जबाबदारी कंपनीवर राहतेच. मेलमध्ये या नियमाचा उल्लेख जरूर करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कंपनीच्या मेलमध्ये ‘स्वीकारा’ किंवा ‘बदल करा’ असं बटण असेल, ते अजून दाबू नका. वेबसाइटवरून तिकीट स्वतः रद्द तर अजिबात करू नका. स्वतः रद्द केलं की नोंद ‘प्रवाशाने रद्द केलं’ अशी पडते आणि कॅन्सलेशनचे पैसे कापले जाऊ शकतात. एकदा ‘स्वीकारा’ दाबलं की त्यानंतर मागितलेला बदल तुमच्या मर्जीचा धरला जाण्याचा धोका असतो. मेलचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असा.

मग कागद जुळवा. ई-तिकिटावर १३ आकडी तिकीट नंबर असतो, पहिले तीन आकडे कंपनीचे. त्याशिवाय सहा अक्षरांचा पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक. एजंटचा पीएनआर आणि कंपनीचा पीएनआर वेगळे असू शकतात, दोन्ही घ्या.

पर्याय स्वतः शोधा. ‘काहीतरी करून द्या’ म्हटलं की रात्री दोनला दिल्लीत नऊ तास बसवणारं जोडविमान पदरात पडतं. त्याच वर्गाची, त्याच दिवसाची किंवा एक-दोन दिवस मागेपुढची दोन-तीन विमानं नंबरासकट लिहून कंपनीला मेल करा: ‘विमान आपण रद्द केलं आहे. खालीलपैकी एका पर्यायावर इनव्हॉलंटरी रीरूट करून तिकीट जादा आकारणीशिवाय रीइश्यू करावं.’ रीरूट म्हणजे दुसऱ्या मार्गाने पाठवणं, रीइश्यू म्हणजे तिकीट नव्याने काढून देणं. कंपनी म्हणेल एजंटकडे जा, एजंट म्हणेल कंपनी ऐकत नाही. या चेंडूफेकीवर उपाय एकच: कंपनीच्या माणसाकडून बुकिंगमध्ये शेरा टाकून घ्या आणि वेव्हर कोड मागा. तो कोड घालून एजंटला फी न लावता रीइश्यू करता येतं.

नवं तिकीट हातात आलं की एन्डोर्समेंटचा, म्हणजे शेरे-अटींचा, रकाना वाचा. तिथे ‘इनव्होल’ असं काही दिसलं आणि जादा रकमेच्या जागी ‘नो एडीसी’ म्हणजे जादा वसुली नाही असं आलं, तर काम नीट झालं. बऱ्याचदा बुकिंगमध्ये नवं विमान दिसतं, पण तिकीट जुन्याच विमानाचं राहतं. हे चेक-इनच्या काउंटरवर कळतं आणि तिथे आई-वडील एकटे असतील. म्हणून कंपनीला फोन करून विचारा, ‘नव्या तिकिटाचे सगळे कूपन ओपन आहेत का?’ (प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याचं एक कूपन असतं, ओपन म्हणजे वापरायला तयार.) व्हीलचेअर, जेवण, पैसे भरून घेतलेल्या सीट या गोष्टी रीइश्यूत आपोआप येतीलच असं नाही, पुन्हा नोंदवा. नवी सीट मिळाली नाही तर सीटचे पैसे परत मागा.

तारीख सरकत असेल तर शेंगेन व्हिसावरची मुदत, मुक्कामाचे दिवस आणि प्रवास विम्याच्या तारखा तपासा. लंडनमार्गे सुचवलं तर ट्रान्झिट व्हिसाची चौकशी आधी, होकार नंतर.

मुंबई–दिल्ली टप्पा त्याच तिकिटावर हवा. एजंट स्वस्त पडतं म्हणून तो वेगळा काढायला सांगेल, ऐकू नका. वेगळ्या तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्याची जबाबदारी कोणाचीच नाही. आणखी एक नवी भानगड: २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुटतात. तिकिटावर बीओएम (मुंबईचा जुना विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे अक्षर लावून वाचा. खारघरहून एनएमआय सोयीचंच, पण जाताना एक आणि येताना दुसरा विमानतळ असेल तर घ्यायला येणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

सेवा शुल्क हे एजंटचं आणि तुमचं आपसातलं. रीइश्यूला त्याचा वेळ जातो हे खरं, तरी चूक प्रवाशाची नाही म्हणून ते कमी करायला सांगा. पाचशेवर आला तर ओढून धरू नका. फी कायदेशीरपणे लागेल असे प्रसंगही आहेत: वरचा वर्ग हवा, पॅरिसऐवजी दुसरं शहर हवं, किंवा कंपनीने दिलेल्या मुदतीबाहेरची तारीख हवी.

परतावा घ्यायचा विचार असेल तर आजचे भाव आधी बघा. तीन आठवड्यांवरचं युरोपचं तिकीट जुन्या भावात मिळणं अवघड, म्हणून पर्याय नक्की झाल्याशिवाय परतावा मागू नका. पैशांऐवजी क्रेडिट शेल (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडे जमा राहणारी रक्कम) घेण्याची सक्ती कंपनी तुमच्यावर करू शकत नाही, ते तुम्ही म्हणाल तरच. एजंटकडून काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही कंपनीचीच.

मेलला दाद मिळाली नाही तर कंपनीच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याकडे, मग विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. सोबत १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तारीख अगदी जवळ आली आणि पैसे भरावेच लागले, तर भरण्याआधी मेलवर ‘हरकत नोंदवून भरत आहे’ असं लिहा, आणि पावतीत चेंज फी, फरक आणि सेवा शुल्क वेगवेगळं दाखवून घ्या.