भरणीआधी रिकामं काडतूस पारखा

दादा, बंदुकीची उडवलेली काडतुसं घरी पुन्हा कशी भरायची, असं विचारलंत; तर इंदुरात पहिलं काम परवान्याचं. घरी काडतुसं भरायची परवानगी आहे का, हे जिल्हा कार्यालयात लेखी विचारा. बंदुकीच्या दारूला हात त्यानंतर.

सुरुवातीला एकच बोअर, एकच कंपनी, एकच मॉडेल. १२ बोअर (नळीच्या जाडीचं माप), ७० मिमी लांबीची, आणि तीही स्वतः उडवलेली. मैदानावर वेचलेली किती वेळा भरली गेलीत, कोण सांगणार?

नवशिके हमखास चुकतात ते इथे: बाहेरून जुळी दिसणारी काडतुसं आतून वेगळी असतात. काहींचं बूड (आतला तळ) काडतुसाच्या नळीशी एकसंध, काहींत ते वेगळं बसवलेलं. आतली जागा कमी झाली की तेवढीच दारू धोकादायक दाब देते. म्हणून भरणीच्या तक्त्यात (कोणत्या काडतुसात किती दारू, ते सांगणाऱ्या) नाव असेल तेच काडतूस, ‘तसलंच’ नव्हे.

मग एकेक नग उजेडात धरा:
- तोंडाच्या घड्यांवर चीर, नळीला भोक किंवा जळाल्याची खूण: बाद.
- आत टॉर्च मारा. बूड हलतंय? बाद. ते सुटून बॅरलमध्ये अडकलं तर पुढच्या बाराला बंदूक फुटते.
- प्राइमर (दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी) बसवताना जोरच लागला नाही, तर तिचा खळगा सैल झालाय: बाद.

पावसात भिजलेली कागदी काडतुसं तर वाळवतही बसू नका.