धबधबा रंगवायचाय? आधी दगड बघ

तू अ‍ॅक्रिलिकमध्ये काढलेलं चिखलदऱ्याच्या भीमकुंड धबधब्याचं चित्र पाहिलं. पाणी नुसतं पांढरं झालंय गं, चुना फासलेली भिंत वाटते. धबधबा उठून दिसतो तो बाजूच्या काळोखामुळे. चिखलदऱ्याचा दगड बेसॉल्टचा, आडव्या थरांचा. ते थर मात्र खरेखुरे काढ. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, मिसळ, ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत काळा मिळतो. दगडाच्या दोन-तीन कडा धारदार ठेवल्यास की पाण्यात हवी तेवढी मोकळी हो. बघणाऱ्याची नजर टेकायला जागा मिळाली म्हणजे झालं.

पाण्यासाठी ब्रश बाजूला ठेव. राखाडी निळ्याचा थर दे आणि तो ओला असतानाच पॅलेट नाइफ, म्हणजे रंगाची बोथट सुरी, वरून खाली एकदाच ओढ. पुन्हा घासलंस तर चिखल. टायटॅनियम पांढरा अगदी शेवटी, तोही पाणी कड्यावरून वळतं तिथेच. खाली तुषार उडतात तिथली दगडाची कड रंग ओला असतानाच ओल्या फडक्याने बिनधास्त पुसून टाक.

अमूर्त चित्रं काढणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली आपल्या नागपुरातच जन्मले. ते रोलर आणि नाइफ वापरायचे. रंगाचे थर कसे चढवलेत, कुठे काढून घेतलेत, ते त्यांच्या चित्रांत बघ. नक्कल नको करू बरं.

आणि मे महिन्यात दुपारी पंख्याखाली बसू नकोस. अ‍ॅक्रिलिक पॅलेटवरच वाळतं. रंग उशिरा वाळावा म्हणून त्यात रिटार्डर घाल, नाहीतर सरळ पहाटे रंगव.