रोज वायरलेस चार्जिंग केल्याने फोनची बॅटरी लवकर जाते का?

तुम्ही लिहिलंय की आयफोन 14 घेऊन चौदा महिने झाले, रोज रात्री पलंगाशेजारच्या वायरलेस पॅडवर ठेवता आणि बॅटरी हेल्थ (नव्या बॅटरीच्या तुलनेत उरलेली क्षमता) 89 टक्क्यांवर आली. घरचे म्हणतात, पॅडनेच बॅटरी खाल्ली. मग पॅड फेकून केबलवर यायचं का?

फेकू नका. आज झोपण्याआधी फोन पॅडवर ठेवा आणि अर्ध्या तासाने उचलून त्याची पाठ गालाला लावा. कोमट लागली तर निवांत झोपा. चटका जाणवला, तर पुढचं सगळं वाचा.

माझं नागपुरात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. फुगून डिस्प्ले वर उचललेल्या बॅटऱ्या बाराही महिने येतात, पण एप्रिल ते जून जास्त. त्यातले निम्म्याहून जास्त लोक वायरलेस पॅड वापरतच नाहीत. त्यामुळे पॅडच गुन्हेगार असं मी म्हणणार नाही. बॅटरीला मारते ती उष्णता, आणि त्या उष्णतेत तासन् तास 100 टक्क्यांवर बसून राहणं. पॅड या दोन्हीला हातभार लावू शकतो, एवढंच.

आधी तुमच्या 89 चं बघू. आयफोन 14 पर्यंतच्या मॉडेलसाठी कंपनीच सांगते की 500 पूर्ण सायकलनंतर (एकूण 100 टक्के चार्ज वापरला की एक सायकल) 80 टक्के क्षमता उरावी. चौदा महिन्यांत रोज जवळपास एक सायकल धरली तर चारशेच्या घरात जाता. म्हणजे हिशोबाप्रमाणे तुम्ही थोडे पुढेच आहात! आणि पॅडवर ठेवला की सायकल जास्त मोजल्या जातात, ही अफवा आहे. दोनदा 50-50 टक्के वापरलं की एक सायकल. वीज तारेतून आली की हवेतून, त्याने फरक पडत नाही.

आता उष्णता. पॅडमध्ये तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं, म्हणजे कॉइल, असतं, फोनच्या पाठीतही तसंच एक. पॅडच्या कॉइलमधला प्रवाह सेकंदाला लाखाहून जास्त वेळा दिशा बदलतो आणि त्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने वरच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. तत्त्व जुनंच, फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं. पण या देवाणघेवाणीत बरीच वीज वाटेतच गळते आणि गळालेली वीज म्हणजे उष्णता. तुमच्या फोनची मागची काच मी उघडतो तेव्हा कॉइल बॅटरीला जवळपास टेकलेलीच दिसते. म्हणजे शेगडी पेटली ती नेमकी बॅटरीच्या डोक्यावर.

ती किती तापते हे तुम्ही फोन कसा ठेवता त्यावर आहे. 2019 मध्ये वॉरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजलं होतं. केबलवर फोनचं सरासरी तापमान 27 अंशांच्या पुढे गेलं नाही, पॅडवर 30.5 पर्यंत गेलं. फोन पॅडच्या मधोमध न ठेवता थोडा सरकवून ठेवला तेव्हाही आकडा तोच, पण फोन तितका गरम कितीतरी जास्त वेळ राहिला. आता हे झालं इंग्लंडातल्या खोलीत. आपल्याकडे मेमध्ये कूलर बंद पडला की रात्री खोलीच 33-34 अंशांवर असते. फोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असं कंपनी सांगते. आपण सुरुवातच त्या उंबरठ्यावरून करतो.

फोन सरकतो कसा? एका काकूंचा फोन रोज सकाळी गरम आणि अर्धवट चार्ज. पॅड बदलला, ॲडाप्टर बदलला, काही नाही. शेवटी त्या म्हणाल्या, रात्रभर फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंग येत असतात. फोन व्हायब्रेशनवर होता. प्रत्येक मेसेजला थरथरून केसभर सरकायचा आणि पहाटेपर्यंत पॅडच्या कडेला पोचायचा. व्हायब्रेशन बंद केलं, विषय संपला. मॅगसेफ (ॲपलचं चुंबकी वायरलेस चार्जिंग) किंवा Qi2 (तसंच चुंबकी, पण सगळ्या कंपन्यांसाठीचं मानक) यांचा पॅड घेतला तर चुंबक फोनला बरोबर मधोमध धरून ठेवतं. तुमच्या फोनला मॅगसेफ चालतं, त्यामुळे नवीन घ्यायचाच असेल तर तोच घ्या.

दुसरी गोष्ट कव्हरची. जाड कव्हर काढून ठेवा. आणि कारमधल्या चुंबकी होल्डरसाठी कव्हरच्या आत पत्र्याची गोल चकती चिकटवली असेल, तर ती आधी काढा. ती चकती स्वतःच तापते. एका गिऱ्हाईकाच्या सिलिकॉन कव्हरवर तिचा पिवळट गोल डाग उमटला होता.

आणि कार! भर दुपारी डॅशबोर्डवर, काचेतून ऊन, मॅप चालू, वर वायरलेस चार्जिंग. बॅटरी मारायची याहून चांगली युक्ती मला सुचणार नाही. तिथे केबल लावा, होल्डर एसीच्या जाळीपाशी घ्या.

रात्रभर 100 वर राहण्याचं काय? पूर्ण भरलेल्या आणि गरम बॅटरीत आतली नको ती रासायनिक प्रक्रिया वेगाने चालते, थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं आणि क्षमता घटते. आयफोन 15 पासून पुढे 80 टक्क्यांवर थांबण्याची सोय आहे, तुमच्या 14 मध्ये नाही. तुमच्याकडे ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग आहे, ते चालू ठेवा. उठायच्या वेळेचा अंदाज घेऊन ते शेवटचे 20 टक्के उशिरा भरतं. अँड्रॉइडवाल्यांनी फास्ट वायरलेस चार्जिंग रात्रीपुरतं बंद करावं. आठ तास झोपणार असाल तर घाई कशाला?

लाइटबिलाची काळजी कुणी केली असेल तर तीही सोडा. मी ढोबळ हिशोब केला: रोज एकदा पूर्ण चार्ज केला तरी केबलपेक्षा वर्षाला साधारण दोन युनिट जास्त.

उलट पॅडचा एक फायदा घरच्यांना सांगा. माझ्याकडे बॅटरीइतकेच फोन चार्जिंग पोर्टसाठी येतात: पिन सैल, आत खिशातला कचरा दाबून बसलेला, पावसाळ्यात ओल. पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना आली की केबल लावायची नसते. फोनची पाठ पुसून पॅडवर ठेवला की काम भागतं.

मी स्वतः मार्चपासून पाऊस लागेपर्यंत केबल वापरतो आणि बाकीचं वर्ष पॅड. तुमच्या खोलीत एसी असेल तर तेवढंही करायची गरज नाही. गालाची परीक्षा केलीत की खाली कळवा, कव्हर कुठलं तेही लिहा.